पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी ज्ञानमीमांसेच्या कोणत्या कॉन्फरन्सला जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्ञानमीमांसेत, म्हणजे ज्ञान म्हणजे काय आणि ते कसं मिळतं याचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेत, पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे आणि विषय आहे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणारं ज्ञान. गाइड तत्त्वज्ञानाचेच, पण त्यांचं सगळं काम नीतिशास्त्रातलं. वर्षभरात फार तर दोन ठिकाणी जाणं जमेल. मग मोठी कॉन्फरन्स गाठावी की छोटं वर्कशॉप? ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे निवडीसाठी पाठवायचा पेपरचा सारांश, कसं लिहावं? एका 'आंतरराष्ट्रीय परिषदे'नं दोन दिवसांत पेपर स्वीकारल्याचं कळवून पैसे मागितलेत, ते भरावेत का? आणि पेपर नसताना नुसतं ऐकायला जाण्यात काही अर्थ आहे का?

पैशांच्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते: भरू नका. कारणं पुढे येतील.

बाकीच्या प्रश्नांमागे तुमची खरी अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं. तुमचा पेपर शेवटपर्यंत वाचून 'दुसऱ्या पानावर इथे घसरताय' असं सांगणारं माणूस तुमच्या आसपास नाही. 'कोणती कॉन्फरन्स चांगली' असं विचारलं की लोक नावं सांगतात, आणि नावं मोठीच असतात. तुम्ही विचारायला हवं ते एवढंच, की माझा अर्धवट युक्तिवाद कोण नीट वाचणार आहे, आणि तो बदलण्याची सोय माझ्याकडे अजून असताना वाचणार आहे का. मी स्वतः कुठे पेपर पाठवायचा हे याच निकषावर ठरवते आणि विद्यार्थ्यांनाही तेच सांगते.

हा निकष ज्ञानमीमांसेत जास्त लागू पडण्याला कारण आहे. आपल्याकडे प्रयोगाची आकडेवारी नसते, दप्तरखान्यातून शोधून काढलेला नवा कागद नसतो. एक दावा, त्याच्या समर्थनार्थ चार-पाच पायऱ्या आणि दोन-तीन उदाहरणं एवढाच ऐवज. एक नेमकं प्रतिउदाहरण सगळा डोलारा खाली आणू शकतं. अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांचा १९६३ सालचा लेख जेमतेम तीन पानांचा आहे, आणि 'समर्थित सत्य समजूत म्हणजे ज्ञान' ही व्याख्या त्यातल्या दोन उदाहरणांनी कायमची अडचणीत आणली. असं उदाहरण आपलं आपल्याला सुचणं फार कठीण. ज्याला आपला दावा पटवून घ्यायची काहीच गरज नाही, अशा माणसाला ते पटकन सुचतं. कॉन्फरन्सचा प्रवास करायचा तो अशा माणसांसाठी.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्रबंध सादर करण्याआधी अमुक इतक्या परिषदांमध्ये पेपर वाचल्याची प्रमाणपत्रं तुमच्या विद्यापीठाला लागत असतील, तर एक खेप त्यातच जाणार. त्याला इलाज नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. प्रवासखर्च कोण देतं, व्हिसाला किती आठवडे लागतात, घरची जबाबदारी टाकून आठवडाभर निघता येतं का, या प्रश्नांनी निम्म्याहून जास्त पर्याय परस्परच गळतात. आणि तुमचा पेपर नेमका कोणत्या अवस्थेत आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या सल्ल्यावर सर्वात जास्त फरक त्यानंच पडतो. मसुदा पूर्ण आहे असं धरून लिहिते. नसेल तर शेवटचा भाग तुमच्यासाठी.

मोठ्या मेळाव्यांपासून सुरुवात करू. अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनचे ईस्टर्न, सेंट्रल आणि पॅसिफिक असे तीन विभाग आहेत आणि प्रत्येकाचं अधिवेशन वेगळं असतं. ब्रिटनमध्ये ॲरिस्टॉटेलियन सोसायटी आणि माइंड असोसिएशन मिळून दर उन्हाळ्यात जॉइंट सेशन भरवतात. जागतिक तत्त्वज्ञान परिषद १९०० साली पॅरिसमध्ये सुरू झाली. अलीकडे ती साधारण पाच वर्षांनी एकदा होते. २०१८ मध्ये बीजिंगला झाली, २०२४ मध्ये रोमला. अशा ठिकाणी एकाच वेळी अनेक खोल्यांमध्ये सत्रं चालू असतात. तुमच्या शेजारच्या खोलीत कोणी नामवंत बोलत असेल तर तुमच्यासमोर पाच-सहा जण उरतात आणि त्यातले दोघे त्याच सत्रातले पुढचे वक्ते असतात, आपापली पानं चाळत बसलेले. पहिल्यांदा गेलेल्या माणसाचा यात मोठा हिरमोड होतो. तो तुमच्या पेपरवरचा शेरा नाही, वेळापत्रकाचा परिणाम आहे.

तरी सगळ्या मोठ्या सभा एकाच मापानं मोजू नका. अमेरिकन असोसिएशनच्या अधिवेशनात कलोकियमसाठी (पेपरवाचनाच्या सत्रासाठी) पूर्ण पेपर पाठवावा लागतो, शब्दमर्यादा ३,००० ची असते, आणि पेपर निवडला गेला की सहसा एक कमेंटेटर, म्हणजे पेपर आधी वाचून त्यावर टिप्पणी करणारा, नेमला जातो. खोलीत पाचच माणसं असली तरी त्यातल्या एकानं तुमचा पेपर पेन हातात घेऊन वाचलेला असतो, आणि आपल्या कामापुरतं तेवढं पुष्कळ आहे. जॉइंट सेशनमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वेगळी सत्रं असतात. तिथल्या मुख्य परिसंवादांचे पेपर एका पुरवणी खंडात आधीच छापून येतात, त्यामुळे ऐकायला जाणारा तयारीनं जाऊ शकतो. जागतिक परिषद मात्र मी तुम्हाला यंदा सुचवणार नाही. जगभरात तत्त्वज्ञान किती निरनिराळ्या रीतींनी केलं जातं हे पाहायला ती छान आहे. अर्धवट युक्तिवाद तपासून घ्यायची ती जागा नव्हे.

दुसऱ्या गटात विषयाला धरून भरणाऱ्या सभा येतात. इथे तुमची उपशाखा ओळखणं आधी. फॉर्मल एपिस्टेमॉलॉजी वर्कशॉप २००४ साली बर्कलीत सुरू झालं. संभाव्यतेच्या भाषेत समजुतींचा विचार करणाऱ्यांचं ते ठिकाण आहे. 'टार्क' (TARK, Theoretical Aspects of Rationality and Knowledge) ही परिषद त्याहून जुनी, १९८६ पासूनची, साधारण दर दोन वर्षांनी भरणारी. तिथे संगणकशास्त्र, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान या तिन्हींतली मंडळी ज्ञान आणि विवेक यांचं तर्कशास्त्र मांडतात. या दोन्हींकडे तुमच्या विषयातला पेपर पाठवता येईल, पण तो त्यांच्या भाषेत लिहिलेला हवा. 'सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेबद्दल माहिती मिळाली की ऐकणाऱ्यानं आपली खात्री किती बदलावी' असा प्रश्न असेल तर जरूर पाठवा. 'सांगण्यावर विश्वास ठेवणं म्हणजे माणसावर विश्वास ठेवणं का' असा असेल तर तिथे श्रोते चुकीचे मिळतील. ऑस्ट्रियातल्या किर्शबर्ग गावात १९७६ पासून दर ऑगस्टमध्ये विट्गेनश्टाइन परिसंवाद भरतो. त्याचा विषय दरवर्षी बदलतो. २०११ साली तो ज्ञानमीमांसेचाच होता. स्लोव्हेनियात ब्लेडला होणाऱ्या परिषदांमध्येही हा विषय अनेकदा आलेला आहे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाची एपिस्टेमॉलॉजी कॉन्फरन्स बहुतांशी निमंत्रितांची, पण तरुण अभ्यासकांसाठी तिथे एक पारितोषिक असतं. तुम्हाला ते अजून लांब आहे. नाव ठाऊक असू द्या, एवढंच.

या सगळ्यांच्या घोषणा 'फिलइव्हेंट्स' या संकेतस्थळावर विषयवार सापडतात. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तिथे घालवली तर 'मला कळलंच नाही' असं म्हणायची वेळ येत नाही.

तिसरा गट छोट्या वर्कशॉप्सचा. तुमच्यासारख्या स्थितीतल्या माणसाला मी आधी तिकडेच ढकलते. एखादा विभाग किंवा एखाद्या संशोधन प्रकल्पातले लोक दीड-दोन दिवसांसाठी वीस-पंचवीस माणसं जमवतात. सत्रं एकाच खोलीत, एकामागून एक. त्यातही जिथे पेपर आधी वाटलेले असतात ते वर्कशॉप सर्वात कामाचं. आठ-दहा दिवस आधी सगळ्यांकडे मसुदे पोचतात आणि वाचून येण्याची अपेक्षा असते. सत्रात लेखक पेपर वाचत नाही. पाच-दहा मिनिटांत मुद्दा सांगतो, कमेंटेटर दहा-पंधरा मिनिटं बोलतो आणि उरलेला पाऊण तास चर्चा. काही ठिकाणी तर पेपरचा परिचयही कमेंटेटरच करून देतो आणि लेखक मुकाट्यानं ऐकतो. हे ऐकणं शिक्षण देणारं असतं. तुम्हाला पेपरचा कणा वाटत होता तो परिच्छेद त्यानं ओझरता उल्लेखून सोडून दिलेला असतो, आणि तळटीपेतलं एक वाक्य त्याला सर्वात महत्त्वाचं वाटलेलं असतं. कधी त्याचं चुकतं. पण बऱ्याचदा लिहिताना तुमच्याकडूनच वजन भलतीकडे पडलेलं असतं.

अशा वर्कशॉपला 'नाव' नसतं. सीव्हीवर ती ओळ फिकी दिसते हे खरं. पण तत्त्वज्ञानात कॉन्फरन्समध्ये वाचलेला पेपर प्रकाशनात धरला जात नाही, वजन जर्नलमधल्या लेखालाच असतं. त्यामुळे तोच पेपर सुधारत सुधारत दोन-तीन ठिकाणी वाचायला कोणाची हरकत नसते, उलट तशीच पद्धत आहे. 'टार्क'सारख्या ठिकाणी मात्र संगणकशास्त्राचा रिवाज चालतो: पेपर कार्यवृत्तात, म्हणजे परिषदेच्या पेपरसंग्रहात, छापले जातात, म्हणून पाठवण्याआधी त्यांचे नियम वाचा.

आता ॲबस्ट्रॅक्ट. बहुतेक ठिकाणी निवड नाव झाकून होते. शंभर ॲबस्ट्रॅक्ट पुढ्यात असलेला कोणी दमलेला प्राध्यापक तुमचं ॲबस्ट्रॅक्ट दोन मिनिटांत वाचतो. तुमच्या विषयावर सर्रास येणारा मजकूर असा असतो: 'सांगण्यावरून मिळणाऱ्या ज्ञानाच्या विविध सिद्धांतांचा आढावा घेऊन त्यांच्या मर्यादांची चर्चा या पेपरमध्ये केली आहे आणि भारतीय परंपरेतील शब्दप्रमाणाशी त्यांची तुलना करण्याचा प्रयत्न केला आहे.' (शब्दप्रमाण म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं हे ज्ञानाचं साधन.) यात चूक काहीच नाही आणि दावाही काहीच नाही. कशावर वाद घालायचा ते वाचणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो बाजूला ठेवतो.

याच विषयावर दुसरं ॲबस्ट्रॅक्ट कसं उभं राहील ते पाहा. ज्ञानमीमांसेच्या अभ्यासक जेनिफर लॅकी यांचं १९९९ मधलं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एका शिक्षिकेचा धार्मिक कारणांमुळे उत्क्रांतीवर विश्वास नाही. पण अभ्यासक्रमात आहे म्हणून ती वर्गात उत्क्रांती नीट शिकवते. मुलांना ते ज्ञान मिळतं. शिक्षिकेला मात्र ते ज्ञान आहे असं म्हणता येत नाही, कारण तिचा त्यावर विश्वासच नाही. म्हणजे सांगणाऱ्याकडे नसलेलं ज्ञान ऐकणाऱ्याला मिळू शकतं. आता हे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातल्या, न्यायसूत्रातल्या, 'आप्तोपदेशः शब्दः' (आप्ताचं सांगणं म्हणजे शब्दप्रमाण) याच्या शेजारी ठेवा. आप्त म्हणजे विषय प्रत्यक्ष जाणणारा आणि तो जसाच्या तसा सांगू इच्छिणारा. शिक्षिकेकडे दुसरी अट आहे, पहिली नाही. मग तुमचा दावा असा असू शकतो: या उदाहरणात आप्त शिक्षिका नव्हेच, अभ्यासक्रमामागचे जीवशास्त्रज्ञ आप्त आहेत, शिक्षिका फक्त निरोप पोचवते, त्यामुळे आप्तत्वाची अट शाबूत राहते. हे चार वाक्यांत लिहा. पाचव्या वाक्यात सर्वात जोरदार आक्षेप तुम्हीच घ्या, सहाव्यात त्याला काय उत्तर देणार ते सांगा. झालं ॲबस्ट्रॅक्ट.

हा दावा टिकेल का? मला शंका आहे. वर्कशॉपमध्ये कोणीतरी नक्की म्हणेल, 'समजा शिक्षिकेला जमिनीत एक जीवाश्म स्वतःलाच सापडला, आणि तज्ज्ञ त्यावरून काय निष्कर्ष काढतील ते ओळखून तिनं तो मुलांना सांगितला, स्वतः मात्र मानला नाही. आता तिच्यामागे जाणणारा कोण? हा विशिष्ट निष्कर्ष तर जगात दुसऱ्या कोणाला माहीतच नाही.' हा आक्षेप नुसता चलाखीचा नाही. तत्त्वज्ञ पीटर ग्रॅहम यांच्या लेखनात याच धर्तीचं उदाहरण आहे आणि त्यावर पुढे बरीच चर्चा झालेली आहे. तुमच्या निरोप्याच्या कल्पनेला तो थेट लागतो. तो पचवायचा तर आप्तत्वाची अट व्यक्तीऐवजी पद्धतीला लावावी लागेल; पण मग ती न्यायाची अट राहिली का, असा प्रश्न पुढे उभा. दुसरी वाट नव्यन्यायातून, म्हणजे न्यायदर्शनाच्या गंगेशांपासूनच्या नंतरच्या शाखेतून, जाते. अर्थ न कळता खरं वाक्य उच्चारणाऱ्या पोपटाचं काय करायचं यावर गंगेशांच्या परंपरेत चर्चा आहे. त्या चर्चेतलं काय उचलायचं आणि काय सोडायचं, हे ठरवण्यातच तुमचा सगळा पेपर बदलून जाईल. गाइड नीतिशास्त्राचे असतील तर घरबसल्या हे तीन महिने कळणार नाही. विषयातल्या वीस माणसांच्या खोलीत पहिल्या दहा मिनिटांत कळेल.

परंपरेतला धागा तुमच्याकडे असेल तर एक खबरदारी घ्या. 'आपल्याकडे हे आधीच सांगितलं होतं' एवढ्यावर पेपर उभा करू नका. श्रोते मान डोलावतात आणि प्रश्न विचारत नाहीत, म्हणजे तुम्ही गेलात ते कारणच संपलं. संस्कृत संज्ञा दोन किंवा तीन, त्यापेक्षा जास्त नकोत. प्रत्येकीचा अर्थ हँडआउटवर (श्रोत्यांना वाटायच्या कागदावर) एका ओळीत, आणि ती काढून टाकली तर युक्तिवादातलं काय जाईल हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. काहीच जाणार नसेल तर संज्ञाच जाऊ द्या.

हँडआउटबद्दल बोलायचं तर ते कराच, स्लाइड असल्या तरी. एक पान, दोन्ही बाजू. क्रमांक घातलेली विधानं, उदाहरणं आणि निष्कर्ष. चर्चेत माणूस 'तुमचं तिसरं विधान' असं बोट ठेवून म्हणू शकतो आणि दहा मिनिटं वाचतात. स्लाइड पुढे सरकली की मागचं विधान कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतं. पूर्ण पेपर वाचून दाखवण्याची चाल अजूनही काही ठिकाणी आहे. वाचायचाच असेल तर ऐकण्यासाठी वेगळा मसुदा करा, छोट्या वाक्यांचा, तळटीपांशिवाय.

प्रश्नोत्तरांचे काही संकेत कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. अनेक ठिकाणी हात वर केला की नवा प्रश्न, आणि फक्त बोट वर केलं तर चालू प्रश्नावरच पुरवणी. अध्यक्ष दोन्हींची वेगळी नोंद ठेवतो. हे माहीत नसेल तर तुम्ही हात धरून बसता आणि तुमच्यानंतर आलेले तिघे तुमच्या आधी बोलून जातात, मग उगाच वाटतं की आपल्याला डावललं. काही वर्कशॉप्समध्ये भाषण आणि प्रश्न यांच्यामध्ये पाच मिनिटांची सुट्टी असते आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्यांसाठी राखलेला असतो. तो संधी समजून घ्या. पहिला प्रश्न कधीही चालतो, साधा असला तरी.

उत्तर देताना प्रत्येक आक्षेप जागच्या जागी परतवायचा नसतो. आक्षेप आधी स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडा, 'तुमचं म्हणणं असं का?' म्हणून विचारा. निम्म्या वेळा समोरचा 'नाही, माझा मुद्दा थोडा वेगळा आहे' म्हणतो आणि जास्त नेमका प्रश्न हाती येतो. मग तुमच्याकडे उत्तर असेल तर द्या. नसेल तर तो आक्षेप मान्य केल्यास तुमच्या दाव्यातलं किती उरतं ते सांगा. या विषयात ते सन्मानाचं उत्तर मानलं जातं. 'या पेपरच्या कक्षेबाहेर आहे' हे वाक्य एका सत्रात एकदाच वापरा. प्रश्न लिहून घ्यायला शेजारच्याला सांगा. समोर उभं असताना तुमच्याच्यानं ते होत नाही, आणि संध्याकाळी फक्त सर्वात झोंबलेला प्रश्न लक्षात राहतो, जो क्वचितच सर्वात महत्त्वाचा असतो.

कमेंटेटर असेल तर त्याला कबूल केलेल्या तारखेला पेपर पाठवा आणि नंतर त्याला हात लावू नका. त्यानं ज्या मसुद्यावर टिप्पणी लिहिली तो मसुदा सत्राच्या आदल्या रात्री बदलणं हे मी पाहिलेल्या असभ्यपणांपैकी वरच्या क्रमांकाचं आहे, आणि ते करणारे बहुतेक अगदी भिडस्त, परिपूर्णतेच्या मागे लागलेले विद्यार्थी असतात. चूक सापडली तर सत्रात उघड सांगा, 'या पायरीत दुरुस्ती हवी, तुमची टिप्पणी मात्र मूळ मसुद्यावर योग्यच आहे.'

आता तुम्हाला आलेलं ते पत्र. मी ते पाहिलेलं नाही, पण तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला ते विकाऊ परिषदेचं वाटतं. एकाच परिषदेत तत्त्वज्ञान, व्यवस्थापन, नर्सिंग आणि अभियांत्रिकी. पेपर दोन दिवसांत स्वीकारला, म्हणजे तो वाचला कोणी? निवड समितीत ज्ञानमीमांसेत काम केलेलं एकही नाव नाही. फी भरण्याची तारीख ठळक, कार्यक्रम पत्रिका 'लवकरच'. शिवाय जर्नलमध्ये छापण्याची हमी, जादा फी घेऊन. यातली एखादी गोष्ट चांगल्या परिषदेतही दिसू शकते. फी तर मोठ्या संघटनाही घेतात आणि सदस्यत्वही मागतात. पण सगळ्या एकत्र आल्या की संशयाला जागा उरत नाही. तत्त्वज्ञानातली खरी छोटी वर्कशॉप्स बहुधा विनाशुल्क किंवा नाममात्र शुल्काची असतात, आणि विद्यार्थ्यांना प्रवासासाठी मदत असेल तर घोषणेतच तसं लिहितात. खात्री करायचा सोपा उपाय: कीनोट (मुख्य वक्ते) म्हणून ज्यांचं नाव टाकलंय त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जा, आणि त्यांना दोन ओळींची मेल करून विचारा की आपण खरंच येणार आहात का. आपलं नाव असं वापरलं जातंय हे त्यांना ठाऊक नसणं हे काही नवल नाही. पेपर मागे घेतल्याचं एका ओळीत कळवा, कारण देऊ नका, उत्तरादाखल येणाऱ्या सवलतींकडे पाहू नका.

प्रवासाविषयी थोडक्यात. घोषणा साधारण चार ते सहा महिने आधी येतात, व्हिसाचं त्यात जेमतेम बसतं, म्हणून स्वीकृती येताच त्याच दिवशी निमंत्रणपत्र मागा. आयोजकांना याची सवय असते. ऑनलाइन भाग घ्यायची सोय असेल तर ऐकण्यासाठी ती छान, पेपर वाचण्यासाठी दुसऱ्या पसंतीची. ऑनलाइन सत्र संपलं की चौकटी मिटतात, आणि खरा आक्षेप पुष्कळदा सत्रानंतर व्हरांड्यात येतो. 'मी तिथे बोललो नाही, पण...' असं म्हणत कोणी जवळ येतं, त्या वेळी वही उघडी ठेवा.

तर तुमच्यासाठी यंदाचं गणित असं मांडते. मसुदा पूर्ण असेल तर पहिली खेप पेपर आधी वाटल्या जाणाऱ्या छोट्या वर्कशॉपसाठी, शक्य तितकी लवकर. तिथून परतल्यावर दोन महिने पेपर मोडून पुन्हा बांधायला ठेवा. दुसरी खेप कमेंटेटर नेमणाऱ्या मोठ्या अधिवेशनासाठी किंवा जॉइंट सेशनच्या विद्यार्थी सत्रासाठी. प्रमाणपत्रांची अट असेल तर ती या दुसऱ्या खेपेतच भागवा. मोठ्या सभेच्या तारखा लवकर संपतात म्हणून क्रम उलटा झाला, तर तिथे पेपरचा सर्वात जास्त भक्कम झालेला एक भागच पाठवा आणि उरलेला वर्कशॉपसाठी राखा.

राहिला पेपर नसताना जाण्याचा प्रश्न. मसुदा अर्धाच असेल तर मी पहिली खेप तशीच करायला सांगेन, पण नुसतं ऐकायला म्हणून नव्हे. बऱ्याच वर्कशॉप्सना श्रोते चालतात, आधी कळवावं लागतं. आयोजकांना लिहा की मी अमुक विषयावर काम करते किंवा करतो, उपस्थित राहायचं आहे, वाटले जाणारे पेपर मला मिळतील का, आणि कुठल्या पेपरला कमेंटेटर हवा असेल तर मी तयार आहे. शेवटच्या आठवड्यात एखादा कमेंटेटर गळतोच, तेव्हा आयोजक अशी मेल शोधत असतात. पेपर मिळाले की सगळे वाचू नका. तुमच्या विषयाच्या सर्वात जवळचे दोन निवडा, प्रत्येकावर अर्धं पान लिहा: दावा काय, कुठली पायरी कच्ची वाटते, आणि ती दुरुस्त करायची झाली तर कशी करता येईल. चर्चेत त्यातला एकच प्रश्न विचारा. उरलेलं अर्धं पान सत्र संपल्यावर लेखकाच्या हातात द्या किंवा दुसऱ्या दिवशी मेल करा. सहा महिन्यांनी तुमचा मसुदा तयार झाला की तो वाचायला कोणाला पाठवायचा, याची दोन नावं तेव्हा तुमच्याकडे असतील.